इब्राहीमच्या आवाजाची कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, दोन बाजूंची, जपानात जन्मलेली आणि जेद्द्याच्या जुन्या बाजारात विकली गेलेली. बोलणं हा माझा धंदाच, तेव्हा मी बोलतेय याचं नवल करू नका. नवल करायचंच तर याचं करा, की सत्तेचाळीस वर्षं मी एका घरात मानानं राहिले आणि एवढ्या वर्षांत मला कुणी तोंड उघडू दिलं नाही.

आजच्या पोरांना मी ठाऊक नाही. अरीब नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानं मला पहिल्यांदा हातात घेतलं, उलटीपालटी करून पाहिलं आणि आईला विचारलं, "मम्मी, इसको चार्ज किधर से करते हैं?" मला राग आला नाही. त्याच्या आजोबांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांनाही दुकानदारानं दोनदा समजावून सांगावं लागलं होतं.

ते आजोबा म्हणजे इब्राहीम. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून १९७७ साली अकरा माणसं अरबस्तानात निघाली, त्यांतला एक. त्याआधी गावातून कुणी तिकडे गेलं असेल तर हजला. ही अकरा कमवायला निघाली. बोटीनं जेद्दा, तिथून ट्रकच्या हौद्यात बसून ताइफचा घाट, आणि मग डोंगरांच्या माथ्यामाथ्यानं दक्षिणेला खमीस मुशैतपर्यंत. अडचण एवढीच होती की त्या वाटेचा बराचसा रस्ता अजून व्हायचा होता. तो करायलाच त्यांना नेलं होतं. आज त्या खाडीकाठी घराघरातला एक तरी माणूस आखातात आहे, पण वाट पाडली ती या अकरा जणांनी.

इब्राहीमला लिहिता येत नव्हतं आणि त्याच्या बायकोला, सकिनाला, वाचता येत नव्हतं. अशा जोडप्यांसाठीच आमची जात जन्माला आली. छावणीत मुकादमाकडे टेपरेकॉर्डर होता. शुक्रवारी सुट्टी. नमाजानंतर माणसं गोल करून बसायची आणि एकेक जण घरच्यांशी बोलायचा. पत्राला निदान पाकीट असतं, आमच्या पत्राला तेही नाही, सगळी छावणी कान लावून बसलेली. मग जो तो घसा खाकरून तेच ते बोलायचा: मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, म्हातारीला औषध द्या, गाय विकू नका. कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या पेटीत दहा-बारा कॅसेटी असायच्या. आणि उलट्या बाजूला घरच्यांचं उत्तर भरून कॅसेट परत पाठवायची, असा रिवाज होता.

इब्राहीम माझ्या पोटात वीसेक मिनिटं बोलला. वादीचं, म्हणजे तिथल्या कोरड्या ओढ्याच्या दरीचं, नाव सांगितलं, खिंडीच्या तोंडाशी ठोकलेले तंबू सांगितले, दुपारनंतर समुद्राकडून ढग वर कसे चढतात ते सांगितलं. रस्त्याच्या कडेला माकडं बसतात आणि भाकरी पळवतात हेही सांगितलं. आवाज जाडसर, जरा थांबत थांबत येणारा.

मी गावात पोचले तेव्हा सकिना चाळीस दिवसांची बाळंतीण होती. वय बावीस. शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणला, सगळं घर ओटीवर बसलं, सकिना दाराआड. इब्राहीमनं शेवटी "खुदा हाफिज" म्हटलं तशी सासू म्हणाली, "बंद करा, सेल जळतात." आणि मला बंद केलं.

दोन दिवसांनी घरचे सगळे एका लग्नाला गेले. सकिना एकटी. तिनं मला सुरुवातीपर्यंत मागे फिरवलं आणि लाल बटण दाबलं. तिची समजूत अशी, की पत्र जसं एकाखाली एक लिहितात तसंच बोलणंही एकाखाली एक भरलं जातं. सुरुवात कुठूनही करा, नवऱ्याचं बोलणं वर आणि आपलं आपोआप खाली. मला दोन बाजू असतात आणि नवं भरलं की जुनं पुसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती बोलायला लागली आणि माझ्या पोटातला इब्राहीम शब्दाशब्दानं मरायला लागला. मी ओरडू शकले नाही. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या आवाजावर.

बोलून झाल्यावर बंद कसं करायचं ते तिला आठवेना. म्हणून तिनं मला तशीच फिरत ठेवली आणि नारळ खोवायला बसली. बाजू संपून खटका पडेपर्यंत मी खोवणीचा आवाज, कोंबड्या आणि पाळण्यातल्या पोरीचं रडणं भरून घेतलं. इब्राहीमचं काहीही उरलं नाही.

मी छावणीत परत पोचले तेव्हा इब्राहीमला जाऊन बारा दिवस झाले होते. सुरुंगानंतर वरची दरड खाली आली होती. त्याच दिवशी दुपारी त्याला तिथेच, छावणीलगत, मातीत ठेवलं. मुकादमानं मला त्याच्या पत्र्याच्या पेटीत टाकलं आणि पेटी गावाला धाडली.

सासू म्हणाली, "मेल्या माणसाचा आवाज वाजवू नये, रूह तळमळते." पुढे सासूही गेली, पण तोवर सकिनाचाच धीर खचला होता. तिनं मला हिरव्या फडक्यात बांधून ठेवलं. पोरीनं, फरहानानं, बावा कसा होता म्हणून विचारलं की फडकं सोडायची आणि मला तिच्या कानाशी धरायची. "ह्यात हाय तुझा बावा," म्हणायची. पोरगी डोळे मिटून ऐकायची. काय ऐकत होती ते तिचं तिला माहीत.

फरहाना शिकली, नर्स झाली आणि जेद्द्याच्या एका रुग्णालयात बावीस वर्षं राबली. यंदा तिची जागा गेली. महिन्याअखेर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपणार, मग कायमचं परत. गेल्या रजेत सकिनानं मला तिच्या हवाली केलं. "त्यांच्या रस्त्यावर जाऊन ऐक," म्हणाली. "छावणी कुठं होती ते त्यांनी सांगितलंय त्यात. कबरीशी फातिहा पढ. आणि काय काय बोललानी ते मला फोनवर सांग. मी एकदाच ऐकलंय, तेपण दाराआडून." जागेचं नाव तिला आठवत नव्हतं. वादी असं काहीतरी होतं, एवढंच. त्या डोंगरात जिकडेतिकडे वादीच वादी.

अरीबनं जेद्द्याच्या हराजमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, एक टेपरेकॉर्डर शोधून आणला. मला बघून म्हणाला, "मम्मी, टेप इज सो ओल्ड. एक ही बार चलेगी शायद." म्हणून तिनं मला जपून पर्समध्ये ठेवलं आणि मायलेक गाडीनं निघाले. गाडी फरहाना चालवत होती. ताइफचा घाट चढताना ती एकटीच बडबडत होती. "बघ अरीब, हे सगळं तुझ्या नानानं ट्रकच्या हौद्यात बसून केलंय." अरीब खिडकीतून माकडांना खुबूस, म्हणजे तिथली रोटी, टाकत होता. "हं, यू टोल्ड मी," म्हणाला. त्याला दोष देत नाही. त्याच्यासाठी तो चार पदरी रस्ता होता.

बाहा शहराच्या पुढे तिनं गाव न् गाव, पेट्रोलपंप न् पेट्रोलपंप विचारत चालवलं. तिची अरबी दवाखान्यातली. कुठे दुखतं, कधीपासून, याच्यापुढे ती अडखळायची. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी एका पंपावर दाढी रंगवलेला एक म्हातारा भेटला. रस्ता होत होता तेव्हा तो छावण्यांना पाणी पुरवायचा. तो गाडीत पुढे बसला आणि त्यानं छावण्यांलगतच्या कबरींच्या तीन जागा दाखवल्या. एक काळ्या डोंगराखाली. एक जुन्या विहिरीजवळ. दोन्हीकडे नुसते दगड, उशाला एक, पायथ्याला एक. तिथे कबरीवर नाव लिहायची रीत नाही. तिसरी जागा खिंडीच्या तोंडाशी. ती दाखवताना त्यानं रस्त्याकडे हात केला आणि म्हणाला, "खलास." नवा रस्ता रुंद केला तेव्हा ती खाली गेली होती.

"तिन्ही छावण्यांत हिंदी कामगार होते," म्हातारा म्हणाला. "तुझा बाप कुठल्या?"

"ते आता कळेल," फरहाना म्हणाली. तिनं त्याला पंपावर सोडलं, गाडी विहिरीपाशी आणली आणि मला बाहेर काढलं.

 बावीस वर्षं लोकांच्या शिरा शोधणारी बाई, पण मला यंत्रात बसवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. मी मनात म्हणत होते, नको गं, जन्मभर कानाला लावलीस तशीच लाव. बटण दाबलं गेलं.

आधी खरखर. मग एका तरुण पोरीचा आवाज आला, भित्रा, यंत्राच्या फार जवळ येऊन बोललेला. "अस्सलाम आलेकुम. मी बोलतेय. पोरगी झालीय. नाक तुमच्यावर गेलंय. तुमची आई म्हणते फरहाना नाव ठेवूया. मी म्हटलं त्यांना विचारू."

फरहानानं पुढे पळवलं. तीच. आणखी पुढे. खोवणी, कोंबड्या, बाळाचं रडणं. मग उलटी बाजू. त्या बाजूला काहीच नव्हतं. पुन्हा पहिली. शेवटी टेप आत गुंडाळली गेली आणि यंत्र अडलं. अरीबनं पेननं ती हळूहळू सोडवली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं म्हणतात. तिच्या हाती तर ती स्वतःच आली होती, चाळीस दिवसांची, रडणारी.

"मम्मी, ये कौन थी?" अरीबनं विचारलं.

"तुझी नानी," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मोठ्यानं, आवाज काढून. अरीब तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. आणि तेवढ्यात गावाहून फोन आला.

"ऐकलंस गे?"

"ऐकलं, आई."

"आवाज कसा हाय? खोकत नव्हते ना?"

"नाही. चांगला होता आवाज."

"काय सांगितलानी?"

फरहानानं डोळे पुसले. मेलेल्यांच्या नातलगांना धीर देणारी भाषा तिच्या जिभेवर बसलेली होती, तीच आली. "म्हणाले, सकिना, मी बरा आहे. सकिना, माझी काळजी करू नकोस."

 मग म्हातारी म्हणाली, "माझं नाव घेतलानी?"

"हो. दोनदा."

"फरू, खोटं बोलतेस तू. त्यांनी जन्मात माझं नाव घेतलं नाय. 'अगे' म्हणायचे. घरात सासू-सासरे असताना बायकोचं नाव कोण घेतं? आणि तिथं तर सगळी छावणी बसलेली. खरं सांग. आत कोण हाय?"

फरहानाला पुढे रेटता आलं नाही. "आत तू आहेस, आई. फक्त तूच."

म्हातारी अडाणी होती, पण खुळी नव्हती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची ती दुपार, ते लाल बटण तिला आठवलं असणार. "म्हणजे मीच पुसलं त्यांना," ती म्हणाली. रडली नाही. आणि पुढे म्हणाली, "मग ते माझं पत्र हाय ना? त्यांना पोचलंच नाय ते. तेवढं पोचव. त्यांच्याजवळ ठेवून ये." आणि अजान झाली म्हणून फोन ठेवला.

फरहाना गाडीतून उतरली. काळ्या डोंगराकडे बघितलं, दगडांकडे बघितलं. मग विहिरीजवळच्या एका उशाच्या दगडाखाली हातानं माती उकरली. का हीच कबर, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाकीच्यांपेक्षा जरा लांब होती, उंच माणसाची असावी तशी. मला हिरव्या फडक्यात गुंडाळून तिथे ठेवलं आणि फातिहा पढली. अरीबही शेजारी दुआसाठी हात उचलून उभा राहिला. मग ते गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान होतं, आणि तिला पुन्हा या देशात यायला कारण उरलेलं नाही.

मी अजून इथेच आहे. दिवसा माती तापते, माझी टेप आता चिकटू लागलीय. फार दिवस काढीन असं वाटत नाही, म्हणून जे कुणालाच सांगता आलं नाही ते सांगून टाकते. फरहाना खोटं बोलली नव्हती. "खुदा हाफिज" म्हटल्यावर बाकीचे जेवायला उठले, पण इब्राहीम बसून राहिला. मी फिरतच होते. त्यानं मागे वळून बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि मग अगदी हळू म्हणाला, "सकिना." जरा थांबून पुन्हा, "सकिना. तुझं नाव घ्यायला एवढ्या लांब यायला लागलं बघ." ते गावात पोचलं होतं. ओटीवर, दाराआड उभ्या असलेल्या बाईपासून चार हातांवर. सेल जळतात म्हणून सासूनं मला त्याच्या आधीच बंद केलं, आणि दोन दिवसांनी ते तिच्याच हातानं पुसलं गेलं.

आणि ही कबरही इब्राहीमची नाही. कुणा दुसऱ्याच माणसाच्या उशाशी मी सकिनाचं पत्र घेऊन पडलेय. इब्राहीम इथून अर्ध्या कोसावर, खिंडीच्या तोंडाशी आहे. तुम्ही कधी ताइफहून खमीस मुशैतकडे निघालात आणि ती खिंड लागली, तर गाडी जरा हळू घ्या. तुमच्या चाकांखाली एक माणूस आहे. त्याला मुलगी झाल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.