चाळीस कमळांची खोट

गोपीनाथचा कसबी हात इंदूरच्या कापडगिरणीत वाया गेला, असं त्याची बायको सुलोचना म्हणायची. वडिलांकडून शिकलेली लाकडावरची नक्षी बाजूला ठेवून त्याने तेवीस वर्षं गिरणीचे माग दुरुस्त केले. मग गिरणीलाच कुलूप लागलं आणि पुढची बारा वर्षं मिळेल ते सुतारकाम करण्यात गेली. त्यामुळे विजय नगरातल्या स्वानंद आर्किटेक्टने बोलावलं, तेव्हा स्वारी सकाळी दोनदा दाढी करून निघाली.

"काका, हॉटेलच्या खांबांसाठी ब्रॅकेट पाहिजेत. कमळ कोरलेले. पण तुम्ही एकच पीस बनवा," स्वानंद म्हणाला. "बाकी एकोणचाळीस आपलं कॉम्प्युटरवालं मशीन करून टाकेल. नंतर घासाईला थांबा आठवडाभर, और फिर छुट्टी."

छुट्टी हा शब्द गोपीनाथने गिरणीच्या फाटकावरही ऐकला होता. तरी तो कोरायला बसला.

बारा दिवसांत सागवानात कमळ उमललं. शेवटची पाकळी मात्र त्याने अर्धीच ठेवली. पूर्ण झालेल्या कामाला दृष्ट लागते, हा वडिलांचा नियम. घरी तर तो हा नियम जरा जास्तच पाळायचा. चौरंगाला चौथा पाय नव्हता, त्याच्याखाली वीट होती, आणि त्या विटेवरून सुलोचना वीस वर्षं बोलत होती.

मशीनची सुई दिवसभर नमुन्यावरून फिरली, कणन्‌कण चाचपून गेली. मग पातं घरघरू लागलं. आठवड्याने सगळे ब्रॅकेट भिंतीशी मांडले आणि गोपीनाथ पाकळ्या मोजत ओळीच्या टोकापर्यंत गेला. चाळीसच्या चाळीस कमळांची तीच पाकळी अर्धी होती, जशी चाळीस भावंडं आणि सगळ्यांचा एकच दात पडलेला!

स्वानंदलाही ते दिसलं. त्याने मशीनच्या कंपनीला फोन लावला. "अरे यार, काय भंगार दिलंय? चार दिवसांनी हॉटेलची पार्टी येणार! उचलून न्या तुमचं मशीन!"

गोपीनाथच्या तोंडाला पाणी सुटलं. मशीन गेलं की सगळं काम आपलंच. फक्त गप्प बसायचं. तो खाली मान घालून घासू लागला आणि अर्धं मिनिट खरोखर गप्प बसला.

"एक पाकळी धड जमत नाही याला!" स्वानंद ओरडला.

हे मात्र जिव्हारी लागलं. ती पाकळी नेमकी कुठे सोडायची, हे ठरवायला त्याने तासभर घालवला होता.

"फोन ठेवा, स्वानंदजी. मशीनची काही गलती नाही. ती खोट माझी आहे. दृष्ट लागू नये म्हणून ठेवली."

"चाळीस जागी?"

"मी एकाच जागी ठेवली होती. त्या बिचाऱ्याला काय कळतंय? दिसलं तसं केलं त्याने." मग तो हळूच म्हणाला, "लाकूड जास्तच आहे, कमी नाही. काढता येईल."

चार दिवसांत त्याने एकोणचाळीस पाकळ्या हाताने पूर्ण केल्या. प्रत्येक किंचित वेगळी वळली. स्वतःच्या नमुन्याला मात्र हात लावला नाही. हॉटेलचे मालक आले आणि नेमके त्या नमुन्यापाशीच थांबले.

"इसमें कुछ बाकी है क्या?"

"नजर के लिए छोड़ा है," स्वानंदच बोलून गेला.

"वाह भिया! ये तो काउंटर के ऊपर लगेगा!"

पार्टी गेल्यावर स्वानंद बराच वेळ त्या पाकळ्यांवरून बोट फिरवत होता. "काका, यापुढे मशीननी एक पाकळी सोडूनच द्यायची. ती तुमची. सोमवारपासून रोज या."

"किती दिवस?"

"कायम."

संध्याकाळी गोपीनाथने घरी बातमी सांगितली. सुलोचनाने डोळ्यांना पदर लावला. त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने चौथ्या पायासाठी सागाचा एक तुकडा उचलला आणि चौरंगाखालची वीट काढायला वाकला.

सुलोचनाने त्याचा हात धरला.

"राहू द्या ती वीट," ती म्हणाली. "दृष्ट लागेल."