डेझी की पिसूफूल

"ही डेझी," काका म्हणाले आणि पुढच्या दगडावर काठी टेकून वर निघाले.

मागून येणारी दातांची डॉक्टर थबकली. तिनं वाकून त्या फुलाकडे पाहिलं, मग काकांच्या पाठीकडे. "काका, थांबा ना जरा. हे पिसूफूल नाही का? पाकळ्या बघा, दोऱ्यासारख्या बारीक आहेत."

"डेझी आहे," काका मागे न वळता म्हणाले.

"नाही, म्हणजे तुम्हीच शिकवलंत म्हणून..."

"मी शिकवलं ना? मग मी सांगतोय ते ऐक!"

आवाज भलताच चढला. डोंगराच्या उतारावर पुढेमागे रेंगाळलेली मंडळी जागच्या जागी उभी राहिली. निवृत्त पोस्टमास्तर उगाच बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. सगळ्यांच्या मागून, धापा टाकत येणाऱ्या काकूंनी हातातली पिशवी छातीशी धरली. जे व्हायला नको म्हणून सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, ते झालं होतं.

काकांची सगळी नोकरी औषधांच्या दुकानात गेली. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागेना की चिठ्ठी काकांकडे यायची. सुट्टीच्या दिवशी मात्र ते दुकान, घर, नातेवाईक सगळं विसरून गावामागच्या या कोरड्या डोंगरावर असायचे. इथे झाड असं नाहीच. खडी, मुरूम, गुडघ्याएवढी करडी झुडपं आणि वर्षातून थोडेच दिवस, खडीतून डोकं काढणारी ही बोटाएवढी फुलं. पिवळा गोल मध्ये, भोवती पांढऱ्या नाहीतर फिकट जांभळ्या पाकळ्या. येणारे जाणारे सगळ्यांना सरसकट डेझी म्हणून मोकळे होत. काकांना ते खपत नसे. यातली निम्मी डेझी नव्हेतच, निम्मी फ्लीबेन, असं ते गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता सांगत. ज्यांना हे ऐकून कंटाळा आला नाही, त्यांची मंडळी जमली. फ्लीबेन काही कोणाच्या जिभेवर बसेना. पूर्वी लोक ही फुलं जाळून पिसवा पळवायचे म्हणे, म्हणून काकांनीच त्याचं पिसूफूल केलं. तेव्हापासून दर वसंतात काका पुढे आणि मंडळी मागे, हे ठरलेलं होतं.

काकू कधी आल्या नव्हत्या. त्यांचं शिवणाचं मशीन होतं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. कामाला कधी खळ नव्हता. काका डोंगरावरून आले की खिशातून कोमेजलेलं फूल काढून मशीनवर ठेवायचे. "हे बघ. असं उलटं करून बघ, खालून." काकूंचा पाय मशीनच्या पेडलवरून हलत नसे. "हं, छान आहे," त्या म्हणायच्या, आणि शिवण संपलं की फूल चिंध्यांबरोबर झाडून टाकायच्या. सगळा संसार असाच झाला होता आणि कोणाची काही तक्रारही नव्हती.

यंदा त्या आल्या, कारण काकांना एकटं सोडायची सोय उरली नव्हती. हिवाळ्यात सुरुवात झाली. नळ उघडा राहायला लागला, शेजारणीला काका बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. एकदा तर स्वतःच्याच गल्लीत कोपऱ्यावर उभे राहिले, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे. काकूंनी हे कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही. परगावी असलेल्या मुलाला नाही, मंडळींना नाही. डॉक्टरकडे नेलं तेही पलीकडच्या गावातल्या. काय सांगायचं लोकांना? माणूस खोकला तर सांगता येतं, लंगडला तर सांगता येतं. त्यांना लाज वाटत होती आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती. डोंगर तरी काका विसरायचे नाहीत, अशी एक भाबडी आशा धरून त्या आज पिशवीत चहाचा थर्मास घेऊन मागोमाग निघाल्या होत्या.

आता काका थांबले होते आणि दातांच्या डॉक्टरकडे निरखून बघत होते. त्यांचा राग कुठच्या कुठे गेला होता.

"तू नवीन का गं? यापूर्वी कधी पाहिलं नाही तुला."

डॉक्टर मुलीचा चेहरा उतरला. कॉलेजात होती तेव्हापासून ती येत होती. काकांच्या दोन्ही दाढांची कामं तिनंच केली होती. वारा तेवढा खडीवरून सरसरत होता. ती शांतता काकूंना सहन होईना, आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"अगं, तुझं काय घेऊन बसलीस! यांना हल्ली बायको कोण आणि शेजारीण कोण, तेही कळत नाही! परवा तिलाच चहा मागायला निघाले होते!"

सगळे हसले. सुटल्यासारखे, जरा जास्तच मोठ्यानं हसले. "काका, सांभाळून हं! शेजारचा चहा महागात पडेल!" पोस्टमास्तरांनी भर घातली. हशा पुन्हा उसळला. काकाही हसले, पण उशिरा. आधी त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सगळे हसताहेत हे बघितलं आणि मग हसले. शेवटी त्यांची नजर काकूंवर आली आणि तिथेच थांबली. मग ते वाट सोडून बाजूला गेले आणि एका मोठ्या दगडामागे, मंडळींकडे पाठ करून बसले.

काकूंना वाटलं, जीभ हासडून टाकावी. चार लोकांत आपली लाज राखायला आपण आपलाच माणूस पुढे केला होता. मंडळींनी थर्मास, पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि कोणी त्यांच्याकडे बघेना, म्हणून त्यांनाही कोणाकडे बघावं लागलं नाही. पदर सावरत त्या दगडामागे गेल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या.

काकांनी काठी पुढे ओढून घेतली. मग म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"उगाच काय म्हणू नकोस."

काकूंनी मान खाली घातली. "हिवाळ्यापासून."

"मला त्याच्याही आधीपासून." काका काठीनं खडी उकरत होते. "मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नसेल. मी फार जपून वागत होतो गं."

"नावं इथपर्यंत येतात," काकांनी ओठाला बोट लावलं, "आणि परत जातात. डेझी तेवढं येतं. म्हणून सगळ्याला डेझी म्हणतो. एखादं तरी बरोबर निघेल."

"मी मघाशी बोलले ते..."

"बरं केलंस. वेळ निभावली."

त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर काकूंना सोसलं असतं. हे सोसेना. पाणावलेले डोळे लपवायला त्यांनी पायाशी पाहिलं, तर तिथंच एक फूल होतं. त्यांनी ते खुडलं आणि काकांपुढे धरलं.

"हे कसं ओळखायचं? दाखवा ना मला."

"तुला?" काकांना खरंच नवल वाटलं. "तुला कुठे गोडी याची."

"दाखवा तर."

काकांनी फूल घेतलं. त्यांची बोटं आपणहून हलली. देठ चिमटीत धरून त्यांनी फूल उलटं केलं आणि पाकळ्यांखालची हिरवी वाटी काकूंच्या डोळ्यांजवळ आणली. काकूंनी पिशवीतून शिवणाचा चष्मा काढून लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते खालून पाहिलं. बारीक हिरवी पानं होती, एका ओळीत, सगळी एका उंचीची.

"अहो, या तर चुण्या आहेत! मुलींच्या स्कर्टला घालतो तशा. सगळ्या एकसारख्या."

"मग पिसूफूल ते," काका पटकन म्हणाले, आणि शब्द सापडला म्हणून स्वतःच चकित झाले. त्यांनी आजूबाजूला बघून दुसरं एक फूल खुडलं, उलटं केलं. याची हिरवी पानं थरावर थर होती, लहानावर मोठी.

"ही झालर आहे," काकू म्हणाल्या. "फ्रॉकला एकावर एक लावतो तशी."

"ते पिसूफूल नाही. ते..." काका थांबले. ओठ हलले. शब्द आला नाही.

"डेझी," काकू हळूच म्हणाल्या.

"आं? हो. डेझी."

दोघं उठून मंडळींत आले. सगळे आवरून निघाले होते. चष्मा काकूंनी चढताना पाय घसरायला नको म्हणून पिशवीत टाकला होता. थोडं वर गेल्यावर दातांची डॉक्टर दबकत पुढे आली. हातात एक फूल होतं, फिकट जांभळं.

"काका, हे सांगाल?"

काकूंना कळलं, ती मघाचं सावरू बघत होती. काकांनी फूल घेतलं, सराईतपणे उलटं केलं आणि सगळ्यांसमक्ष काकूंच्या तोंडापुढे धरलं. सगळे काकूंकडे बघायला लागले. चष्म्याविना काकूंना ती वाटी म्हणजे हिरवा ठिपका दिसत होता. पिशवीत हात घालायचा धीर झाला नाही.

"पिसूफूल," त्या म्हणाल्या.

"बरोबर!" काका म्हणाले. तो त्यांचा जुना, दुकानातला, खणखणीत आवाज होता.

मुलीनं तोंड उघडलं. क्षणभर तसंच ठेवलं आणि मिटलं. "हो काका," ती म्हणाली. पोस्टमास्तर म्हणाले, "वा! काकूही तयार झाल्या की."

उतरताना काकूंनी मुद्दाम मागे राहून तसंच जांभळं फूल शोधलं, चष्मा लावला आणि उलटं केलं. थरावर थर. झालर. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी भराभर पावलं टाकून मुलीला गाठलं.

"चुकलं ना माझं?"

मुलगी खाली बघत राहिली. "हो काकू."

"आणि तू गप्प बसलीस."

"आम्हाला माहीत आहे, काकू. सगळ्यांनाच. गेल्या वसंतातच लक्षात आलं होतं. कोणी काही बोलायचं नाही, असं ठरलं होतं आमचं. आज माझ्याच तोंडून निघून गेलं." तिनं पायानं एक खडा बाजूला सारला. "चूक दिसली की सांगायची, माझी असली तरी सांगायची, असं काकाच म्हणायचे ना. सवयीनं बोलून गेले मी."

काकू जागीच थांबल्या. सबंध हिवाळा त्यांनी जे पदराआड झाकून ठेवलं, ते या लोकांनी त्यांच्याही आधी पाहिलं होतं आणि सांभाळलं होतं. उघड्यावर आणलं ते फक्त त्यांनी.

"मी चेष्टा केली त्यांची," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांपुढे."

"हसलो तर आम्ही सगळेच, काकू," ती म्हणाली. पुढे पोस्टमास्तर काकांच्या शेजारून, त्यांच्याच चालीनं, हळूहळू उतरत होते.

पायथ्याशी गाडीजवळ सगळे जमले तेव्हा काकूंनी सांगून टाकलं. काका आजारी आहेत, विसरतात, ते वाढत जाणार आहे. आणि मघाशी त्या जे बोलल्या, ते बोलायला नको होतं. शेवटपर्यंत बोलल्या. कोणी समजूत घातली नाही, हे त्यांना बरं वाटलं. पोस्टमास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि गाडीचं दार उघडून धरलं. काका खिडकीशी बसून सगळं ऐकत होते. ऐकत होते की नुसते बाहेर बघत होते, ते सांगता आलं नसतं.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. काका खुर्चीवर टेकले ते टेकलेच. काकू त्यांच्या पायांशी जमिनीवर बसल्या, बूट काढले. मोजे बियांनी भरले होते. प्रत्येक बीला मऊ पांढरी शेंडी. काकूंनी चष्मा लावला आणि एकेक बी उपसून तळहातावर ठेवायला सुरुवात केली. काका वाकून बघत होते.

"कशाचं गं हे?"

काकूंनी बी उजेडात धरली, उलटसुलट केली. ओठावर आलेलं नाव त्यांनी परत गिळलं.

"मला नाही माहीत."

"मलाही नाही," काका म्हणाले, आणि दुसरा पाय पुढे केला.