अकरा महिने पोटात ठेवलेली चिठ्ठी

मित्रांनो, फरशी बसवणारा माणूस जमिनीवर गुडघे टेकतो तेव्हा त्याच्या गुडघ्यांखाली एक मळकी, चपटी गादी असते. लोक फरशीकडे बघतात, गादीकडे कुणी बघत नाही. तशीच एक जुनी गादी मी आहे, आणि आज जे सांगणार आहे ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

माझा जन्म एका लोकरी कोटातून झाला. कोट होता माझ्या मालकांच्या, म्हणजे फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींच्या सासऱ्यांचा. सासरे गेल्यावर मिस्त्रींच्या बायकोने त्या कोटाची पाठ कापली, ओल लागू नये म्हणून खालून रबराचा तुकडा शिवला आणि आत चिंध्या भरल्या. चिंध्या दबल्या की नव्या भरता याव्यात म्हणून एका बाजूला फट ठेवून तिला दोन बटणे लावली.

"घ्या," ती म्हणाली, "आता टेकवा गुडघे माझ्या वडिलांच्या पाठीवर."

"त्यांची तेवढीच सेवा राहिली होती," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींना गावभर 'ओळंबा' म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेले वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे त्याच्यावरून कळते. मिस्त्रींची नजर तशी होती. फरशी बसवून झाली की ते खिशातून काचेची एक गोटी काढून मधोमध ठेवत. गोटी जागची हलली नाही तरच काम पुरे. हलली तर फरशी उचकटायची, मग मालक कितीही हात जोडो. शाळांचे वर्ग, दवाखान्याची ओसरी, कितीतरी स्वयंपाकघरे आम्ही दोघांनी मिळून केली. कौतुक गोटीच्या वाट्याला यायचे. मला त्याचे वाईट वाटले नाही. दिवसभर त्यांचा भार माझ्यावर असायचा, तेवढे मला पुरे होते.

मग उजवा गुडघा कुरकुरू लागला. आधी तो फक्त जिना उतरताना दुखायचा. नंतर सकाळी उठल्यावर आखडू लागला. घरात थोडे फिरले की सुटायचा. संध्याकाळी वाटीएवढा सुजायचा. वाकवला की आत वाळू चघळल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज सगळ्यांत जवळून मी ऐकत होते. मिस्त्रींना मात्र वाटले, दोष माझा आहे.

"अगं, गादी पातळ झालीय, म्हणून दुखतंय," ते बायकोला म्हणाले. तिने दोन मुठी चिंध्या आणखी भरल्या. चार महिन्यांनी पुन्हा भरल्या. मी जाड होत गेले, मऊ होत गेले. दुखायला लागले की माणूस थांबतो, हे मला ठाऊक होते. मी त्यांना थांबू दिले नाही. मित्रांनो, माझी पहिली चूक ती.

दुसरी चूक याहून मोठी आहे.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री मला काखोटीला मारून कुणालाही न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, वर हात ठेवून आतला खरखराट ऐकला.

"काका, सकाळी किती वेळ आखडलेला असतो?"

"चहा गार होईपर्यंत."

"म्हणजे पंधरा मिनिटं. बाकीचे सांधे सुजतात? ताप येतो?"

"नाही बुवा."

"तसं असतं तर आधी रक्त तपासायला सांगितलं असतं. हा झिजेचा संधिवात दिसतोय. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजत चाललीय. उभं राहून एक्स-रे काढा, म्हणजे किती झिजलीय ते कळेल."

"आत नवीन काही भरता येत नाही का?" मिस्त्रींनी माझ्याकडे बघत विचारले.

बाई हसल्या. "गादी नाही हो ती. पण मांडीचे स्नायू बळकट केले, चार-पाच किलो वजन उतरवलं आणि गुडघे टेकायचं सोडलंत, तर पुष्कळ दिवस सुखात जातील. महिन्याने या."

हे सगळे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. गुडघे टेकायचे सोडा, या ओळीवर त्यांचे बोट अडले. लेकीचे नवे घर बांधून होत आले होते आणि त्याची फरशी आपण आपल्या हाताने बसवू, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. बायकोने चिठ्ठी पाहिली असती तर तिने त्यांना घराबाहेर पडू दिले नसते.

त्यांनी माझी बटणे काढली, चिठ्ठीची घडी आत सरकवली आणि बटणे लावून टाकली.

"एवढी एक फरशी होऊ दे," ते पुटपुटले.

लेकीच्या घराचे काम रखडत गेले. आज दारे नाहीत, उद्या खिडक्या नाहीत. मिस्त्री परस्पर दुकानातून वेदनेच्या गोळ्या आणून खाऊ लागले. पोटात जळजळ व्हायची, तरी खायचे. रिकामी पाकिटेही माझ्याच पोटात. एकदा बायको मला धुवायला घेऊन निघाली. मिस्त्री धावत आले.

"राहू दे, मी धुतो."

तिने शेजारणीला हाक मारली. "ऐकलंत का? तीस वर्षांत रुमाल धुतला नाही ह्यांनी, आज गादी धुतायत."

दोघी पोट धरून हसल्या. माझे एक बटण तेव्हा धाग्यावर लोंबकळत होते. ते सुटले असते तर सगळे तिथेच उघड झाले असते. पण मिस्त्रींनी मला घाईने छातीशी धरले आणि मला बरे वाटले. खरे सांगते, बरे वाटले. त्यांचे गुपित माझ्याकडे आहे, याचा मला गर्व झाला होता.

अखेर लेकीच्या घराची फरशी सुरू झाली. दोन खोल्या झाल्या. तिसऱ्या खोलीत, दारापासून चौथ्या ओळीला, मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. गुडघा वाकलेला होता तो सरळ होईना. ते भिंतीचा आधार शोधू लागले, पण भिंत हाताच्या टप्प्यात नव्हती. ते तसेच कुशीवर कलंडले. बायको डबा घेऊन आलेली होती, लेकही तिथेच होती. लेकीने मला ओढून त्यांच्या पायाखाली घेतले, आणि मी करकरले.

"आई, हिच्या आत काहीतरी आहे."

पाकिटे निघाली. मग चिठ्ठी. लेकीने तारीख वाचली.

"बाबा, अकरा महिने झाले याला."

"तुला शब्द दिला होता."

"मी फरशी मागितली होती. तुमचा पाय मागितला होता का?"

बायको माझे बटण बोटाने चाचपत बसली. मग म्हणाली, "ही मीच शिवली. आणि दर खेपेला मीच भरत गेले. आणखी भर, आणखी भर." मित्रांनो, दोष माझा आणि मिस्त्रींचा होता, आणि रडली ती.

एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट आतल्या बाजूला जवळजवळ मिटलेली दिसली. पायही गुडघ्यात बाहेर वाकला होता. जगाच्या फरशा सपाट करणाऱ्या माणसाला आपला पाय कललेला कळला नाही.

"तेव्हा आला असतात तर थांबलंच असतं असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण हे महिने इतके वाईट गेले नसते. आता व्यायाम, वजन, शेक. काठी डाव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या उलट. गोळ्या मी देईन तेवढ्याच. सूज फार वाढली तर इंजेक्शन, पण ते सारखं सारखं नाही. एवढं करूनही चालणं अवघड झालं, तर सांधा बदलायची शस्त्रक्रिया आहेच. आज घाबरू नका, उद्या विसरू नका."

तिसरी खोली मिस्त्रींनी खुर्चीवर बसून पुरी करवून घेतली. लेक आणि तिची आई एकेक फरशी बसवत होत्या, माझ्यावर आलटूनपालटून आणि थोडा वेळच. मिस्त्री काठीने दाखवत होते. शेवटी त्यांनी गोटी काढून लेकीच्या हातात दिली. तिने ती मधोमध ठेवली. गोटी जरा थांबली, मग हळूहळू घरंगळत त्यांच्या काठीला येऊन लागली.

दोघींनी मिस्त्रींकडे पाहिले.

"असू दे," मिस्त्री म्हणाले.

आता मी त्यांच्या पलंगावर असते. बायकोने माझी फट पक्क्या दोऱ्याने शिवून टाकली आहे. सकाळ-संध्याकाळ मिस्त्री पाय लांब करून झोपतात, मला गुडघ्याखाली घेतात आणि मांडी आवळून गुडघा माझ्यावर दाबतात. हाच त्यांचा व्यायाम. जिना अजून दुखतो, पण सूज उतरली आहे, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाऊन येतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी उठताना भिंत धरत असेल, जिन्यात मध्येच थांबून उगाच खिडकीबाहेर बघत असेल, तर त्यांच्याखाली आणखी एक उशी सरकवून मोकळे होऊ नका. जवळ बसा. किती दिवस दुखतंय, ते विचारा. उत्तर टाळले तर पुन्हा विचारा. मी विचारू शकत नव्हते, हे खरे. पण लपवायला मात्र मला जमले.

मिस्त्री गुडघा दाबून धरतात आणि दहापर्यंत मोजतात. मी अकरापर्यंत मोजते.