टिटवीचा तळ

सुजीत दळवी दर रमझान ईदला बायको-मुलीला घेऊन शारजाला मोहिद्दीनच्या घरी जेवायला जायचा आणि परतताना गाडीत स्वतःवर बेहद्द खूश असायचा. बिर्याणी झकास असायचीच, पण खुशी तिची नव्हती. खुशी होती आपल्या मोठ्या मनाची.

मोहिद्दीन मूळचा दापोलीकडचा. दुबईत अल क्वोजच्या ज्या पत्र्याच्या कामाच्या वर्कशॉपमध्ये सुजीत मॅनेजर होता, तिथलं स्टोअर तो सांभाळायचा. त्याची बायको हाफिजा ही खैरुद्दीनची मुलगी. आणि खैरुद्दीन कोण, हे दळवींच्या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक होतं.

सुजीतचे वडील, आप्पा, म्हणजे दौलत दळवी, एकेकाळी नौदलात होते. एकाहत्तरच्या लढाईत ते ‘टिटवी’ नावाच्या लहानशा गस्ती बोटीवर होते. धुक्यात टिटवी वाळूच्या पट्ट्यावर चढून बसली. कप्तान जखमी होऊन पडला, सगळी जबाबदारी आप्पांवर आली, आणि समोरून शत्रूच्या दोन बोटी निघाल्या. टिटवी त्यांच्या उपयोगाची राहू नये म्हणून आप्पांनी खाली इंजिनावर असलेल्या खैरुद्दीनला ओरडून सांगितलं, की तळाचा वॉल्व्ह उघड, समुद्र आत घे. खैरुद्दीनने काही केलं नाही. बोट कोरडीठाक शत्रूच्या हाती गेली आणि माणसं कैदेत. कप्तान तिथेच वारला. बाकीचे सुटून आल्यावर चौकशी झाली आणि खैरुद्दीनला नौदलातून घरी बसवलं गेलं.

आप्पा पुण्यातल्या शाळाशाळांतून ही गोष्ट सांगत. शेवटी एक उसासा टाकून म्हणत, “असतात एकेक.” एवढंच. पुढचं ऐकणाऱ्याने खैरुद्दीन या नावावरून समजून घ्यायचं, आणि लोक समजून घेतही. आपल्या लोकांना असलं काही फोडून सांगावं लागत नाही.

मोहिद्दीनचा सासरा म्हणजे तोच खैरुद्दीन, हे कळलं तेव्हा सुजीतने ठरवलं, की हा विषय आपण काढायचाच नाही. बापाने केलं ते लेकीला का ऐकवावं? उलट आपण त्यांच्या घरी जायचं, जेवायचं, दिवाळीला त्यांना बोलवायचं. त्याची बायको आभा मैत्रिणींना सांगायची, “आमच्या सुजीतला बाई, मनात काही ठेवायची सवयच नाही.” प्रत्यक्षात त्याने मनात ते चांगलं जपून ठेवलं होतं आणि दरवर्षी ईदला काढून त्यावर फुंकर मारून पुसत होता.

शेवटची दोन वर्षं खैरुद्दीन लेकीकडे शारजाला होता. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. ईदला सुजीत वाकून सलाम करायचा, तेव्हा म्हातारा त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवायचा आणि विचारायचा, “दौलत बरा आहे ना? बरा असू दे, बाबा.” सुजीतला वाटायचं, बिचाऱ्याला अपराध खातोय. त्याला म्हाताऱ्याची दया यायची. पुढे म्हातारा गेला, तेव्हा सुजीत खांदा द्यायलाही गेला होता. मोठं मन म्हणतात ते हेच, असं त्याचं मत होतं.

मग आलं मंदीचं दोन हजार नऊ. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. वर्कशॉपमधली निम्मी माणसं गेली होती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला हॉल भरेना, कारण रोज कुणीतरी कायमचं परत चाललेलं. अशा मरगळलेल्या दिवसांत मंडळाच्या अध्यक्षा मंजुषाताईंना बातमी लागली, की उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी एका यार्डात एक जुनी बोट तोडायला ठेवली आहे आणि ती म्हणे टिटवी आहे. शत्रूने ती बरीच वर्षं वापरली, मग विकली. मग ती डिझेल वाहत या किनाऱ्याला लागली.

मंडळात एकदम जान आली. नोकरी जाण्याची भीती विसरायला माणसाला काहीतरी अभिमानाचं लागतंच. टिटवी मायदेशी न्यायची, किनाऱ्यावर चौथरा बांधून ठेवायची. कामं बंद पडल्यामुळे एक मालवाहू बार्ज रिकामीच मुंबईला परतणार होती, तिचा मालक फुकट न्यायला तयार झाला. यार्डवालाही थांबायला तयार झाला, पण महिन्याच्या अखेरपर्यंतच. त्यानंतर गॅस कटर लागणार.

“फक्त एकच गोष्ट,” मंजुषाताई म्हणाल्या. “बोट लिफ्टिंगला फिट आहे का, ते कुणीतरी एक्स्पर्टने सांगायला हवं. आणि आपल्याकडे साक्षात दौलतरावांचा मुलगा एक्स्पर्ट आहे. तुम्ही म्हणाल तो फायनल वर्ड.”

आप्पा त्या वेळी व्हिजिट व्हिसावर सुजीतकडे आलेले होते. बातमी ऐकून ते हरखतील असं सुजीतला वाटलं होतं. आप्पा म्हणाले, “लोखंड आहे ते. लोखंडाला कसला आलाय मान? कापू दे की.” सुजीतला वाटलं, काय हा विनय.

मोहिद्दीनजवळ मात्र त्याने बोटीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच्या सासऱ्याचं जुनं कशाला उकरायचं, हा पुन्हा मोठेपणा.

शुक्रवारी तो एकटाच यार्डात गेला. गनी नावाचा सुपरवायझर त्याला बोटीपाशी घेऊन गेला. टिटवी जमिनीवर ठोकळ्यांवर बसवलेली होती. रंगाचे थर सोलून निघाले होते, नाव कधीच पुसलं गेलं होतं. सुजीतला भरून आलं. लहानपणापासून ऐकलेली बोट इतकी लहान असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आधी त्याने बाहेरून तळ पाहिला. लोखंड चांगलं जाड शिल्लक होतं. हातोडीने ठोकत गेला तर आवाज भरीव येत होता. बार्जवर ती आरामात चढली असती. इंजिनच्या जागेखाली बाहेरून एक ठिगळ वेल्ड केलेलं होतं, जुनं, ओबडधोबड. वाळूवर चढली होती तेव्हाचं असेल, असं म्हणून तो शिडीने आत उतरला.

इंजिन कधीच काढून नेलं होतं. टॉर्चच्या उजेडात त्याला तळाचा वॉल्व्ह दिसला. तो बराच नंतरचा, वेगळ्याच बनावटीचा होता. जुना मोडला असल्याशिवाय कुणी नवा बसवत नाही. आणि त्याच्या शेजारी, ज्या जागी बाहेरून ठिगळ होतं, त्या जागी मूळचा पत्रा फाटलेला होता.

सुजीत गुडघ्यावर बसला. आयुष्यभर तो पत्र्याचंच काम करत आला होता. बोट खडकावर किंवा वाळूत आपटली तर पत्रा आत येतो. हा बाहेर गेला होता. फाटलेल्या जागेभोवती, रंगाच्या थरांखालीसुद्धा बोटांना लागतील असे खळगे होते. शेजारी शेजारी, काही एकावर एक. कुणीतरी इथे उभं राहून घण घातला होता. वॉल्व्ह उघडेना म्हणून आधी तो फोडला होता, तेवढ्याने भागेना म्हणून तळच फोडला होता. वाळूच्या पट्ट्यावर अडकलेली बोट बुडाली नसेल, पण पाणी नक्की भरलं असेल, आणि ते पायाशी चढत असताना हा माणूस घाव घालत राहिला असेल. ताब्यात घेतलेल्या बोटीचा तळ शत्रू कशाला फोडेल?

सुजीतने त्या खळग्यांवर तळहात ठेवला आणि त्याला गॅलरीतला म्हातारा आठवला. तोंड लपवायला जागा शोधावी, तसा तो त्या अंधाऱ्या पोटात बसून राहिला. शेवटी गनीने वरून हाक मारली, “साहेब, बरे आहात ना?”

घरी आप्पा सोफ्यावर बसून नातीला, ओवीला, पेपरातलं मराठी वाचून दाखवत होते. ती मान न वळवता “आय नो, आजोबा,” म्हणत होती. सुजीतने तिला आत पाठवलं.

“पाहिलीस?” आप्पांनी विचारलं. “वरूनच ना?”

“आत उतरलो होतो.”

आप्पांनी पेपरची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

“आप्पा, तळ फोडलेला आहे. आतून.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

“पांढरा कपडा मी दाखवला,” आप्पा म्हणाले. “माझाच बनियन. तो खाली होता, त्याला ठाऊकही नव्हतं. कंबरेपर्यंत भिजून वर आला तेव्हा आमचे हात वर होते. नंतर चौकशीत विचारलं, बोट त्यांना वापरता आली कशी. कुणाचं तरी नाव सांगावंच लागणार होतं रे.”

“म्हणून त्याचं?”

“त्याचं सांगितलं तर कुणी दुसऱ्यांदा विचारणार नव्हतं.” आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “आणि विचारलंही नाही कुणी.”

सुजीतला बापाची शिसारी आली, आणि लगेच स्वतःची. आपणही कुठे विचारलं होतं? त्याच घरात वर्षानुवर्षं पोटभर जेवलो, एकदाही विचारलं नाही.

“बोट गेली मुंबईला, तर चार जाणकार बघतील,” आप्पा म्हणाले. “माझे आता किती दिवस राहिलेत? तेवढे जाऊ देत नीट. तुझ्या हातात आहे.”

ते खरोखरच त्याच्या हातात होतं. मंडळाच्या बैठकीला जाताना गाडीत त्याने दोन वाक्यं तयार केली होती, एक खरं आणि एक खोटं. कुठलं तोंडातून येईल हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मग मंजुषाताईंनी “दौलतराव कसे आहेत?” असं प्रेमाने विचारलं आणि निकाल लागला.

“तळ गेलाय,” सुजीत म्हणाला. “गंजून चाळण झालीय. उचलताना दुभंगेल.”

सगळे हळहळले. बोट नाही तर निदान माणसाचा मान करू, असं ठरलं. महाराष्ट्र दिनाला आप्पांना शाल आणि श्रीफळ दिलं. सुजीतला वाटलं होतं, आप्पा निदान या वेळी गोष्ट आखडती घेतील. आप्पांनी ती पहिल्यापासून सांगितली आणि उसासा टाकून म्हणाले, “असतात एकेक.” टाळ्या पडल्या. बायको शेजारी बसली होती, म्हणून सुजीतनेही वाजवल्या. तोवर उम्म अल कुवैनमध्ये टिटवीचे तुकडे ट्रकवर चढले होते.

आप्पा पुण्याला परतले. ईद आली तेव्हा सुजीतने तापाचं निमित्त सांगून पाहिलं, पण आभा म्हणाली, “वर्षानुवर्षं जातोय, त्यांना काय वाटेल?” तो गेला.

हाफिजाभाभीने नेहमीसारखं वाढलं. सुजीतचा घास तोंडात फिरत होता. ओवी म्हणाली, “बाबा, व्हाय आर यू नॉट ईटिंग?”

“भाऊ,” शीरखुर्म्याचं पातेलं पुढे घेत हाफिजाभाभी म्हणाली, “अब्बांची बोट आली होती म्हणे इकडे. गनी आमच्या गावच्या खाडीपलीकडचा. सकाळी मुबारकबाद द्यायला आला, तेव्हा बोलला. तुम्ही आत उतरला होतात, असं पण बोलला.”

“हो.”

“मग न्यायची का नाही ठरवली?”

मोहिद्दीन तिला म्हणाला, “जाऊ दे ना, आज कशाला.”

“तळ गेला होता, भाभी,” सुजीत म्हणाला. हे वाक्य आता त्याला पाठ झालं होतं.

हाफिजाभाभीचा चेहरा उजळला. “असणारच. अब्बांनीच फोडला होता तो. घणाने. हात सोलवटले होते त्यांचे.” तिने डाव भरून त्याच्या वाटीत ओतला. “दिसलं ना तुम्हाला? आम्ही गावात किती ऐकलं, भाऊ. माझी दोन लग्नं ठरून मोडली. पण तुम्ही यायला लागलात, तेव्हा अब्बा मला बोलले, दौलतचा मुलगा येतोय. म्हणजे बापाने त्याला खरं सांगितलं असणार. त्याला शरम वाटते, तोंडाने बोलवत नाही, म्हणून येऊन जेवून जातो. त्याला काही विचारून लाजवू नका, पोटभर वाढा. म्हणून कधी विषय काढला नाही बघा आम्ही.”

आभा सुजीतकडे पाहत होती. तिला काहीच कळत नव्हतं. सुजीतला मात्र सगळं कळलं. इतकी वर्षं हे लोक आपल्याला माफ करत होते, आणि आपण त्यांच्याच ताटावर बसून त्यांना.

“तुम्ही सांगितलंत ना सगळ्यांना,” तिने विचारलं, “तळ कशाने गेला ते?”

खोटं बोलणं अजूनही सोपं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. सुजीतने वाटी खाली ठेवली.

“नाही, भाभी. गंजाने गेला, असं सांगितलं. तळ भक्कम होता, नेता आली असती. मी नेऊ दिली नाही. आणि तुमच्या अब्बांनी काय केलं, ते मला तिथे उतरल्यावर कळलं. त्याआधी मी त्यांनाच तसलं समजत होतो.”

मोहिद्दीनने ताटावरचा हात काढून घेतला. हाफिजाभाभी उभीच होती. तिने डाव पातेल्यात ठेवला, झाकण लावलं आणि ओढणीने हात पुसले.

“म्हणजे तुम्हाला शरम वाटत नव्हती,” ती म्हणाली. “अब्बा उगीच समजले.”

“आता वाटते.”

आवाज चढवून बोलण्याची तिला सवय नव्हती.

“आता बोट कुठे आहे, भाऊ?” तिने विचारलं.