सगळ्यांच्या वतीनं

डिंगोऱ्याच्या स्टँडजवळ सावळारामशेठचे तीन गाळे. यंदा त्यांच्यावरचा पत्रा जाऊन स्लॅब झाला, खाली फरशी आली, नवी शटरं लागली. काम चाललं तोवर तिन्ही भाडेकरूंनी उन्हाळाभर समोर ताडपत्रीखाली धंदा रेटला. उज्ज्वला कपडे शिवायची, सयाजी चहा विकायचा, रामनाथ मोबाईल दुरुस्त करायचा.

उज्ज्वला मूळची तळेघरची. इथं ओळखपाळख नसताना रामनाथनंच शेठकडं शब्द टाकून तिला गाळा मिळवून दिला होता. म्हणून नव्या भाड्याची गोष्ट निघाली तशी तीच म्हणाली, "एकेकट्यानं नको जायाला. रामनाथभाऊ बोलत्याल सगळ्यांच्या वतीनं."

संध्याकाळी रामनाथ मान खाली घालूनच परतला.

"दुप्पट म्हंतोय. लई भांडलो ताई, पण शेठ काय ऐकंना."

सयाजीनं शिव्या हासडल्या. उज्ज्वलेनं उलट रामनाथचीच समजूत घातली. "तुमी तरी काय करनार भाऊ?" तिनं आणि सयाजीनं शेठच्या कागदावर सह्या केल्या.

श्रावणात शेठची सून आरती ब्लाउजचं माप द्यायला आली. गाळ्यावरून नजर फिरवत कौतुकानं म्हणाली, "छान झालाय ना? मामंजी तर दीडपटच म्हणत होते. रामनाथभाऊच म्हणाले, दुप्पट सांगा, दोघांना मी राजी करतो. माझं तेवढं जुनंच भाडं राहू द्या."

उज्ज्वलेच्या हातातली टेप तशीच राहिली. कसंबसं माप उतरवून ती शेजारच्या गाळ्यात गेली.

"भाऊ, तुमचं भाडं किती ठरलं?"

रामनाथनं वर पाहिलं आणि तिच्या तोंडावरूनच सगळं ओळखलं. "ताई, माझं दुकान चालत न्हाई गं. तुझ्याकडं गिऱ्हाईक तरी हाय."

"मग तसं म्हनायचं. मी आन् सयाजीनं मिळून तुमचं भागवलं असतं. इकायला आमीच गावलो व्हय?"

ती सयाजीला घेऊन तशीच शेठकडं गेली. शेठनं डोळ्यांवरचा चष्मासुद्धा काढला नाही.

"तुमच्याच मानसानं कबूल केलं. सह्या तुमच्या. आता वरीसभर काय व्हनार न्हाई."

सयाजीनं महिनाअखेरीला गाशा गुंडाळला आणि जुन्नरच्या रस्त्यावर हातगाडी लावली. उज्ज्वलेला मशीन हलवून भागणार नव्हतं. तिची गिऱ्हाइकं तिथली होती. ती राहिली. भर दिवाळीच्या गर्दीत रामनाथ मुलीला आणि तिच्या फ्रॉकचं कापड घेऊन दारात उभा राहिला. उज्ज्वलेनं पोरीला जवळ घेतलं, माप उतरवलं, गालावरून हात फिरवला.

"कदी येऊ न्यायला?" रामनाथनं विचारलं.

"पोरीच्या आईला पाठवा," ती पोरीकडं बघतच म्हणाली आणि मशीनवर बसली.