बाद झालेला आवाज

ह्यांनी मला एक बोट दाखवलं आणि मी पहिली डिस्क ओढून काढली. आता ह्यात माझं काय चुकलं, हे मला अजूनही कुणी धड समजावून सांगितलेलं नाही.

मुळापासून सांगते. मी कपडे शिवते. हे दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. घरातल्याच अडगळीच्या खोलीत, भिंतींना जुन्या रजया टांगून. मग घशाचं दुखणं निघालं आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता एक छोटं यंत्र ह्यांच्यासाठी बोलणार होतं. हे टाइप करतील आणि ते ह्यांच्याच आवाजात बोलेल. त्यासाठी जुनं रेकॉर्डिंग लागणार होतं, आणि ते तर आमच्याकडे ढीगभर. मी निर्धास्त होते.

पण ते यंत्र तयार करणारी इंजिनिअर, जिला आम्ही आवाजवाली म्हणतो, तिने नकार दिला. "काकू, काका पुस्तक वाचतात तसे घरात थोडेच बोलत असतील? यंत्र भाषण ठोकत बसेल. मला घरातलं बोलणं हवंय."

घरातलं बोलणं एकाच ठिकाणी होतं. वाचता वाचता माझं शिलाई मशीन खडखडलं, मी हाक मारली, दाराची बेल वाजली, की हे मध्येच मला काहीतरी म्हणायचे, ते वाक्य बाद व्हायचं आणि 'बाद' नावाच्या फोल्डरमध्ये जायचं. ह्यांना काही म्हणजे काही टाकवत नाही, म्हणून सगळं साठलेलं. तयार पुस्तकं ग्रंथालयात सुखरूप होती. बाद वाक्यं मात्र साऱ्या जगात फक्त आमच्या टेबलाखाली कॉम्प्युटरला जोडलेल्या काळ्या खोक्यात.

ते खोकं काठोकाठ भरलेलं. वाक्यं निवडायला आवाजवालीला तिथेच मोकळी जागा हवी होती. म्हणजे जुन्या डिस्क काढून मोठ्या बसवायच्या. हे तर हॉस्पिटलमध्ये, उजव्या हाताला सलाइन लावलेलं. राहिलं कोण? मी.

खोक्यात तीन डिस्क. ह्यांनी मला मागे एकदा समजावलं होतं, "तिघी जावा आहेत असं समज. एक माहेरी गेली तर उरलेल्या दोघी तिचंही काम सांभाळतात. दोघी एकदम गेल्या की घर बंद."

"मग जागा तिघींची मिळते ना?"

"नाही, दोघींची."

"मग तिसरी करते काय?"

"तिसरी अशी वेगळी कुणी नसतेच. तिघी मिळून तिसरीचं काम करतात."

मी मान हलवली. संसारात बऱ्याच गोष्टींना मी अशी मान हलवलेली आहे.

तर व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. हे डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर टाइप करून आज्ञा पाठवायचे, मी ती कॉम्प्युटरवर उतरवायची. पहिल्या आज्ञेने एका जावेला रजा दिली. आता तिला बाहेर काढायचं. कुठली, म्हणून विचारलं तर ह्यांनी मूठ दाखवली. मला वाटलं, धीर देताहेत. मीही मूठ दाखवली. ह्यांनी कपाळावर हात मारला आणि टाइप केलं, "डावीकडची." ती काढली, मोठी घातली. दोघींनी आपल्याकडचं जुळवून तिला दिवसभर शिकवलं, आणि सगळे दिवे हिरवे झाले. मला अगदी गड जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉल लावून दुसऱ्या जावेला रजा देण्याची आज्ञा दिली आणि ह्यांनी ते एक बोट दाखवलं. मी पहिली ओढली.

खोक्यातून टुक टुक आवाज आला. पडद्यावर लाल अक्षरं. मी फोनकडे पाहिलं, तर हे उठून बसलेले, तोंड उघडं, मान जोरजोरात हलवताहेत, आणि आवाज नाही. "अहो, काय झालं? बोला ना!" मी ओरडले. बोला ना, असं मी ओरडले. जीभ हासडून टाकावी असं वाटलं.

नर्स धावत आली, ह्यांना आडवं केलं. मग अंगठा चालू लागला. "आम्ही शून्यापासून मोजतो."

म्हणजे मूठ म्हणजे शून्य, म्हणजे पहिली. आणि एक म्हणजे दुसरी. कसलं हे मोजणं! मी कापडावर शून्यापासून टेप लावते, पण पहिल्या बाहीला शून्यावी बाही म्हणत नाही. एवढं मात्र कळलं, की रजा एकीला दिलेली आणि मी उपटली भलतीलाच. घर बंद.

"गेलं का सगळं?" मी विचारलं.

"माहीत नाही. होती तिथेच घाल. बाकी कशाला हात लावू नको."

ह्यांना माहीत नाही, असं मी लग्नानंतर पहिल्यांदा वाचत होते. डिस्क आत सरकवताना खाच सापडेना. मग लांबलचक आज्ञा आली. एकेक अक्षर दोनदा ताडून पाहिलं आणि बटण दाबलं. पडदा कोरा. मी मनातल्या मनात तिन्ही जावांच्या पाया पडले. मग ओळी उमटल्या. ह्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे जमलं असावं.

खात्री करायला 'बाद'मधली एक फाइल लावली.

"अगं, बंद कर ते मशीन! कितीदा सांगायचं?"

"केलं हो, केलं!" मी म्हणाले, आणि मग भान आलं. फोनमध्ये हे माझ्याकडे बघत होते. मला रडू फुटलं.

पुढे उरलेल्या दोघीही बदलल्या, बोटं न मोजता. तिन्ही मोठ्या, तरी जागेचा आकडा जुनाच! मी दुकानदाराला शिव्या घालायच्या बेतात होते. ह्यांनी कळवलं, आधी जावांना सांगायचं की घर वाढलंय, मग कपाटाला सांगायचं की फळ्या वाढव. दोन आज्ञा दिल्या आणि आकडा वाढला. का वाढला ते मला विचारू नका.

आवाजवाली आली, कानाला हेडफोन लावून बराच वेळ ऐकत बसली. मग अवघडून म्हणाली, "काकू, काका सगळीकडे वैतागलेलेच आहेत. गप्प, थांब, बंद कर. प्रेमाने बोललेलं एखादं वाक्य नाही का कुठे? नाहीतर यंत्र कायम असंच खेकसेल. आमच्याकडे तयार आवाजही आहेत, छान शांत."

फोन चालूच होता. ह्यांनी ऐकलं. अंगठा सावकाश हलत राहिला. "शांत आवाज घेऊ. आयुष्यभर ओरडलो तुझ्यावर, आता पुरे."

"वा! म्हणजे मी एका परक्या माणसाबरोबर संसार करायचा?" मी म्हटलं. "काही गरज नाही. मला खेकसणाराच हवा."

ह्यांनी फोन छातीवर उपडा ठेवला. माझ्या पडद्यावर नुसता अंधार, आणि कडेला उजेडाची एक रेघ वरखाली होत होती. आवाजवालीने हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि पहिलं वाक्य निवडलं.