डाव्या बाजूचा आवाज

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत कोपर गावातल्या राघो भोईरच्या घरी कॉम्प्युटर आला, पण तो मुका. आवाजाचं कार्ड वेगळं घालावं लागतं, हे राघोला मशीन घरी येऊन, हळदकुंकू लावून, आळीतल्या लोकांना पेढे वाटून झाल्यावर कळलं. गेममध्ये बंदूक झाडली तर डब्याच्या पोटातून नुसतं टिक व्हायचं. गाण्यांचं तर नावच नको.

राघो डोंबिवलीच्या एमआयडीसीत पत्रा कापायच्या प्रेसवर होता. पण लोक त्याला ओळखायचे ते सखाराम मास्तरच्या बेंजो पार्टीतला कीबोर्डवाला म्हणून. दिव्यापासून शीळफाट्यापर्यंत कुणाची हळद असली की राघोच्या बोटांवर मांडव नाचायचा. कॉम्प्युटरवर स्वतःच्या चाली बसवायच्या, एकेक वाद्य वेगळं भरायचं, हे त्याने कधीपासून मनात धरलेलं. गेमचं खूळ मात्र प्रेसवरच्या काळुरामने डोक्यात भरलं. "हेडफोन लावून खेळ एकदा," काळुराम म्हणालेला. "राक्षस कुठल्या बाजूनं येतो ते पावलांवरनं कळतं. मी तर बघायच्या आधीच उडवतो."

हेडफोन आणि कार्ड घ्यायला राघो डोंबिवलीत हरिहर ओकांच्या दुकानात गेला. ओक साठीचे, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, अलीकडे कॉम्प्युटरच्या वस्तू विकायला लागलेले. गिऱ्हाइकाला लगेच वस्तू काढून देतील तर शपथ. आधी शिकवणी.

"हे बघा भोईर, हे साधं कार्ड. गेमला पुरतं, पण याची बासरी पिपाणीसारखी वाजते. तुम्ही वाजवणारे आहात, तुमच्या कानाला ते खपणार नाही. हे दुसरं घ्या. याच्यात वाद्यांचे खरे आवाज भरलेले आहेत."

"आणि हेडफोन?"

"वॉकमनचे स्पंजवाले नकोत. हे कान पूर्ण झाकणारे घ्या. गेमला दिशा कळली पाहिजे आणि गाण्यात प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलेलं ऐकू आलं पाहिजे. घाई करू नका, चार घालून बघा."

राघोने चार घालून बघितले खरे, पण दुकानात ऐकायला काही लावलेलं नव्हतं. कानाला कुठला टोचत नाही एवढंच त्याने पाहिलं आणि एक उचलला.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या शुक्रवारी सकाळी त्याने डबा उघडून कार्ड बसवलं. कॉम्प्युटरने ते ओळखलंच नाही. स्क्रीनवर कार्डाच्या नावापुढे एक पिवळं उद्गारचिन्ह येऊन बसलं आणि काही केल्या हलेना. राघोने कार्ड काढलं, दुसऱ्या खाचेत घातलं, बरोबरची फ्लॉपी परत चालवली. मग मशीन सुरूच होईना. बायको जनी दोनदा जेवायला बोलवून गेली. तिसऱ्यांदा तिने ताट आणून शेजारी आदळलं. पुढच्या शुक्रवारी ओकांनी कागदावर लिहून दिल्याप्रमाणे कार्डावरची बारकीशी टोपी एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर सरकवली, तेव्हा कुठे मशीन सुरू झालं आणि ते चिन्हही गेलं.

राघोने घाईघाईने हेडफोन चढवला, गेम लावला. आणि आवाज आला! बंदुकीचा, दाराचा, लोखंडी जिन्याचा. सगळा उजवीकडून. डाव्या बाजूला सामसूम. डावीकडच्या दारातून राक्षस कधी आला ते कळलं नाही; राघो मेला. पुन्हा खेळला, पुन्हा त्याच दारापाशी मेला.

वायर हलवून बघितली. पिन पुसून बघितली. आवाजाच्या खिडकीतली पट्टी पार डावीकडे ओढली, तर उजवीकडचाही आवाज गेला.

"नवीन वस्तू आणि एक बाजू मेलेली," तो जनीला म्हणाला. "म्हाताऱ्यानं गावठी बघून गळ्यात मारला."

दुसऱ्या दिवशी तो कामावरून सुटून थेट दुकानात. ओकांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "उत्तम चालतोय."

"डावी बाजू बंद हाय, काका."

"चालू आहे. मी आत्ता ऐकली."

"मग मी काय खोटं बोलतोय?"

ओकांनी वाद घातला नाही. तो हेडफोन ठेवून घेतला आणि तसलाच दुसरा दिला. घरी आल्यावर तेच. राघो पुन्हा गेला; आता कार्डच बिघडलं असणार म्हणाला. ओकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण कार्डही बदलून दिलं. म्हणजे पुन्हा डबा उघडा, पुन्हा ते पिवळं चिन्ह, पुन्हा टोपी सरकवा. तो शुक्रवारही गेला. आणि अखेर आवाज आला तो उजवीकडून.

राघोचं डोकंच फिरलं. पुढच्या शुक्रवारी तो ठाण्याला गेला आणि तिथून त्याने तिसरा हेडफोन आणला, चांगला जाडजूड, मऊ गादीचा. डोंबिवलीच्या म्हाताऱ्याचा माल नको म्हणून मुद्दाम लांबून आणलेला. तोही डावीकडे मुका निघाला, तेव्हा राघोने तो ओकांच्या हेडफोनबरोबर पिशवीत कोंबला, कार्ड उपसून काढलं आणि तसाच तरातरा ओकांचं दुकान गाठलं.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. राघोने कार्ड काउंटरवर ठेवलं. "दोन कार्डं झाली. हेडफोन तर मी ठाण्याहून आणला, तरी तेच. म्हणजे खोट तुमच्या कार्डातच हाय. आम्ही गाववाले, आम्हाला काय कळतंय, असंच ना?"

ओकांचा चेहरा लाल झाला. "भोईर, तुमचं पहिलं कार्ड मी चार दिवस माझ्या मशीनवर लावून ऐकलंय. माझंही डोकं त्यात पिकलं. चाळीस वर्षं आवाजाच्या धंद्यात आहे, माझ्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता. या इकडे. सगळ्यांसमोर बघू."

त्यांनी कार्ड दुकानातल्या मशीनमध्ये बसवलं. कार्ड घेणाऱ्याला ते देत ती गाण्यांची सीडी लावली आणि राघोने आणलेला हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. ढोलकी वाजत होती, उजवीकडे.

"डावीकडे?"

"काय नाय."

ओकांनी त्याच्या डाव्या कानाकडे बघितलं. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "आता उलटा घाला. डावा उजवीकडे."

राघोने हेडफोन फिरवून घातला. उजव्या कानात बासरी सुरू झाली. स्वच्छ, लांब सुराची बासरी. गेले दोन आठवडे हीच सीडी तो घरी ऐकत होता आणि तिच्यात बासरी आहे हे त्याला आज कळत होतं. ढोलकी मात्र आता कुठेच नव्हती.

ओक त्याच्याकडे बघत होते. गिऱ्हाइकंही बघत होती. राघोने हेडफोन काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "हा पण खराबच हाय."

आणि तो दुकानाबाहेर पडला. कार्ड, हेडफोन सगळं तिथेच टाकून.

पुढचे आठ दिवस त्याने घरात कुणाला काही सांगितलं नाही. येता-जाता चिडायचा. कॉम्प्युटरवर जनीने फडकं टाकलं ते त्याने काढलं नाही. एकटा असला की उजव्या कानात बोट घालून बघायचा. जग बंद व्हायचं. बोट काढलं की कोंबडा, रिक्षा, शेजारचा रेडिओ, सगळं परत यायचं. असं पाच-दहा वेळा करायचा, जणू अकराव्या वेळी काही वेगळं होणार होतं.

शुक्रवारी सकाळी तो ओट्यावर बसलेला असताना जनी मागून, डाव्या अंगाने आली. पाण्याचं पिंप हलवायला हात लावा म्हणाली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने पिंपाचं झाकण फरशीवर आपटलं, तसा राघो दचकून उलट्याच बाजूला वळला.

"अंगावर कशाला येतेस?" तो ओरडला.

"तीनदा हाक मारली! दोन वरसं झाली, डाव्या अंगानं बोलली का तुमी भिंत होता. तुमची आवडाआत्या पन तेच बोलते, राघो लगीन झाल्यापासून चढेल झालाय. मना वाटायचं मुद्दाम करता."

"मंग सांगायचं नाय मना?"

"सांगलं नाय? किती वेला सांगलं! तुमी आयकलंत कवा?"

मग राघोने मान खाली घालून तिला सांगितलं. जनी उठली, त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि आधी भरपूर रडली. मग, दोन वर्षं उगाच धुसफुसले म्हणून स्वतःवरच चिडली.

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून डोक्याला लावला, कानाला लावला, कसल्याशा बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. डावा कान पूर्ण गेलेला. उजवाही थोडा उतरलेला.

"प्रेसमुळं ना, डॉक्टर?" राघोने विचारलं. त्याला कुणाचं तरी नाव हवं होतं.

"उजव्याचं कारण तेच असावं. डाव्याचं सांगता येत नाही. गालगुंड झालेले का कधी?"

झालेले. लग्नाच्याच साली. चार दिवस ताप आणि सुजलेला गाल, आळीतल्या बायकांनी केलेली थट्टा, एवढंच त्याला आठवत होतं.

"मग ते असेल. किंवा मांडवातले तुमचे ते स्पीकर. किंवा तिन्ही. आता शोधून उपयोग नाही, गेलेली नस परत येत नाही. राहिलेला कान सांभाळा."

म्हणजे भांडायलाही कुणी नाही. कारखान्यात साहेबाला प्रेसवरून दुसरीकडे टाका म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, बघू. सखाराम मास्तरला स्पीकर लांब लाव म्हटलं, तर तो हसला. "अरे, मांडवात माणसं मावत नाय, स्पीकर काय खाडीत लावू?" शेवटी राघोनेच जागा बदलली. मेलेली बाजू स्पीकरकडे करून तो उभा राहायला लागला. पण मग ढोलकीवाला गुणाजी समोरून दिसेना, आणि इतकी वर्षं त्याच्या हाताकडे बघून धरलेली लय दोन हळदींत सुटली. मास्तर चारचौघांत ओरडला.

ओकांकडे जायला त्याला महिना लागला. दुकान रिकामं असेल अशी वेळ बघून तो गेला.

"काका, माल चांगला होता. कान खराब निघाला. मना तवाच कळलेलं."

ओक चष्मा पुसत राहिले. "मलाही कळलं होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही लोकांसमोर मला लबाड ठरवून गेलात, भोईर. त्यातलं एक गिऱ्हाईक परत आलं नाही. त्याचा राग आहे मला अजून." मग त्यांनी खालच्या कपाटातून कार्ड आणि तिन्ही हेडफोन काढले. "कार्ड आणि ठाण्याचा हेडफोन तुमचे आहेत, न्या. माझे दोन राहू देत इथे. थांबा, हेडफोनची पिन बदलून देतो. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येईल. बासरीही ऐकाल, ढोलकीही. आपापल्या जागी नाही ऐकू येणार, पण येतील."

त्यांनी डाग देऊन पिन बसवली. पैसे विचारल्यावर हाताने नको म्हणाले, पण चहाही विचारला नाही.

गाण्यांचं तसं भागलं. सगळी वाद्यं एका दारातून रेटारेटी करत यायची, तरी यायची. राघोने दोन चाली बसवल्या. पहिलीत त्याने बासरी इतकी मोठी ठेवली की मास्तर म्हणाला, हिच्याखाली नाचायचं कुणी?

गेमचं मात्र काही जुळेना. एका शुक्रवारी दुपारी डावीकडच्या दारातून येणाऱ्या त्याच राक्षसाने त्याला सहाव्यांदा मारलं, तेव्हा राघोने हेडफोन काढून गादीवर फेकला. जनी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, घरातल्या वॉकमनचे छोटे स्पीकर जोडायला लावले आणि डाव्या बाजूला येऊन बसली.

"मी आयकते. डावीकडं वाजला का खांद्याला हात लावीन."

तिने हात लावला. राघो वळला, तोवर मेला होता. दुसऱ्यांदा तिने दारच्या कडीचा आवाज ऐकून आधीच हात लावला, तर तिथे कुणीच नव्हतं, आणि राक्षस समोरून आला.

"वायच लवकर सांग ना!"

"मी काय त्याच्या घरची हाय, मना लवकर कलायला?" जनी उठली आणि सूप घेऊन ओट्यावर गेली.

राघोने मान वळवून उजवा कान बाहेरच्या बाजूला केला आणि हाक मारली, "जने, आणखी एकदा. ये."

"तांदूल झाले का येते," ती बाहेरून म्हणाली. त्याला ते नीट ऐकू आलं. त्याने गेम पहिल्यापासून लावला आणि ती येईपर्यंत थांबवून ठेवला.